दाराआडून आलेला हात

ही गोष्ट खरी आहे.

आता काही जण म्हणतील, सगळेच असं म्हणतात. म्हणू द्या. ज्यांना हसायचंय त्यांनी इथंच हसून घ्यावं आणि मोकळं व्हावं. ज्या घरात हे घडलं ते माझं आजोळ, आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी आजी, भागीरथा. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. शेजारणीची भाजी खारट झाली असेल तर तोंडावर सांगायची आणि वर दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

आणखी एक. तुम्ही रात्रीची वाट बघत असाल, तर ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

साल १९५५. थंडी सरत आलेली, वावरात शेवटच्या कापसाची वेचणी चाललेली. गाव हिंगणी, सेलूच्या पुढं, बोरच्या जंगलाजवळचं. तिथं नत्थूजी नावाचा कासार राहायचा. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायचा. त्या मुलखातल्या बायकांचे हात त्याला तोंडपाठ होते. डोळे मिटून हात धरला तरी हा कोणाच्या घरातला, हे सांगायचा.

बांगडी भरताना तो एकच वाक्य बोलायचा.

"सैल सोड, माय. हात सैल सोड."

मग बोटं जुळवून, अंगठ्याखालचं मांस हळूच दाबून बांगडी अशी सरकवायचा की बाईला कळायचंही नाही.

त्याला एकच पोरगी. कोकिळा. बायको लवकर गेली, म्हणून ही पोर बांगड्यांच्या टोपलीशेजारीच लहानाची मोठी झाली. नवा माल आला की नत्थूजी पहिली बांगडी तिच्या हातात घालून बघायचा. लहानपणी तव्याचा चटका बसून तिच्या मनगटावर बोराएवढा डाग पडला होता. बांगडीचं माप सव्वादोन. लग्न होऊन ती सेलूला गेली तरी सव्वादोनच्या हिरव्या बांगड्यांची एक माळ तो घरात खुंटीला टांगून ठेवायचा. ती विकायची नाही. ती कोकिळाची.

तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात चोळी-बांगडी केली. जावई बंडूजी साधा माणूस. सासू शकुबाई हौशी. तिनं गावातल्या बाया बोलावल्या आणि सगळ्यांसमोर बापानं लेकीचा हात हातात घेतला.

सव्वादोनची बांगडी चढेना.

त्यानं साबणाचं पाणी घेतलं, बोटं जुळवली, अंगठ्याखाली दाबलं. चढेना. शेवटी अडीचच्या काढल्या. त्याही कशाबशा गेल्या. तिच्या हातावर त्याचा अंगठा जिथं रुतला होता तिथं खळगा पडला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

नत्थूजीनं तो पाहिला.

आणि तो हसला.

"पोरीनं बापाचं मापच मोडलं. सासरचं अन्न अंगी लागून राह्यलं."

बाया हसल्या. शकुबाई म्हणाली, "पायालेही सूज हाय. सूज आली म्हंजे पोरगंच होते."

कोकिळा हसली नाही. निघताना बापाला म्हणाली, "बाबा, डोकं लय ठणकते. डोळ्यापुढं काजवे चमकल्यावाणी होते."

"उपाशी राहू नको, माय. दोन घास जास्त खात जाजो," नत्थूजी म्हणाला आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाला. शकुबाईनं सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लावली. कोणाचंही मन वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय. त्या घरात तिचं वाईट व्हावं असं वाटणारं एकही माणूस नव्हतं.

त्याच आठवड्यात निरोप आला.

नत्थूजी पोचला तेव्हा कोकिळा बाजेवर होती. डोळे पांढरे, दात घट्ट, हातपाय झटके देत होते. बापानं भरलेला चुडा बाजेच्या लाकडावर आपटून फुटला होता आणि मनगटातून रक्त येत होतं. शेजारी मिरच्यांचा धूर करून मांत्रिक बसलेला. म्हणाला, बाहेरचं आहे. रेघ मारलीय, पोरीला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. हात धरून ठेवा.

नत्थूजीनं हात धरून ठेवले. सगळी ताकद लावून धरले.

दिवस कलायच्या आत ते हात आपोआप शांत झाले. पोटातलं लेकरू पोटातच राहिलं.

पोटुशी बाई अशी गेली की ती परत येते, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यावर उपायही ठरलेला. स्मशानापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत मोहरी पेरत यायचं. ती परत निघाली की दाणा दाणा वेचत बसते, आणि सगळे वेचून झाल्याशिवाय तिला घर गाठता येत नाही. मांत्रिक म्हणाला, ज्याच्यात तिचा जीव होता त्यानंच पेरावी.

सगळ्यांनी नत्थूजीकडं पाहिलं.

रुखवतात दिलेला पितळी डबा होता, त्यातच मोहरी भरली. तो बाप चितेची राख पायाला लागलेली, तसाच वाकून वाकून दाणे टाकत आला. आपल्या लेकीची वाट त्यानं आपल्या हातानं बंद केली. रिकामा डबा शकुबाईनं त्याच्याकडंच दिला. तो घरी नेऊन त्यानं खुंटीखाली ठेवला, सव्वादोनच्या माळेखाली.

इथपर्यंत भुताचं काही नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात भयंकर भाग पुढचाच आहे, आणि त्यातही भूत नाही.

काही दिवसांनी सेलूच्या बाजारात वर्ध्याची एक नर्सबाई बांगड्या घ्यायला आली. तिचा हात धरला आणि नत्थूजीला रडू कोसळलं. तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हातापायावर सूज येते, दाबलं की खळगा राहतो, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं चमकतं. मग झटके येतात. गरोदर बाईचा हा आजारच आहे, बाहेरचं काही नाही. खळगा दिसला तेव्हाच दवाखान्यात आणलं असतं तर सुई दिली असती, मूल लवकर मोकळं केलं असतं. पुष्कळ बाया वाचतात."

"वाचली असती?"

नर्सबाईनं त्याचा हात दाबला. मग म्हणाली, "झटका आला तर हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. आणि उशीर करायचा नाही."

नत्थूजी आपल्या अंगठ्याकडं बघत बसला. जे कळायला हवं होतं ते याच अंगठ्याखाली आलं होतं, आणि आपण हसलो.

त्यानं धंदा सोडला. पण पोट कोणाला सुटलंय? पुढच्या हिवाळ्यात पुन्हा टोपली उचलली.

आणि आवाज सुरू झाला.

कापसाची पऱ्हाटी उभी असलेल्या वावरांमधल्या गाडीवाटेनं तो चालायचा. मागून किणकिण यायची... बांगड्यांची. आधी वाटलं, टोपलीतल्याच वाजत असतील. टोपली खाली ठेवली.

किणकिण... पुन्हा.

तो थांबला की थांबायची. चालला की चालायची. मागं वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती. भीतीनं नव्हे. मागं कोणी नसलं तर काय, या धास्तीनं.

त्या दुपारी तो माझ्या आजोबांच्या घरी आला. म्हणजे आजीच्या सासरी. आजीचा सासरा रूपराव, सासू आनंदाबाई. चांगलं खातंपितं कुणब्याचं घर. ओसरीवर परका माणूस बसला की सुना दाराआडून नुसता हात पुढं करायच्या. तशीच रीत होती.

नत्थूजी ओसरीवर टेकला. आनंदाबाई मागच्या अंगणातून म्हणाली, "बसा जराशे, नत्थूजी. शेणाचे हात हायेत."

मागची किणकिण बंद झाली होती.

अंगणात कोंबड्या होत्या, त्याही गप्प झाल्या.

मधल्या दाराची फळी हलली... आणि दाराआडून एक हात बाहेर आला.

सून असेल, असं समजून त्यानं हात धरला. हात गार होता, रांजणाच्या बुडासारखा. सुजलेला. सव्वादोन तर सोडाच, अडीचही जड जाणार होती. त्यानं सवयीनं बोटं जुळवली, म्हणाला, "सैल सोड, माय," आणि अंगठा दाबला.

खळगा पडला.

अंगठा उचलला.

खळगा तसाच...

त्याची नजर मनगटावर गेली. बोराएवढा डाग होता. आणि काचेनं कापल्याच्या बारीक रेघा.

नत्थूजी ओरडला नाही. पळाला नाही. त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "कोकिळे... बाबा चुकला वं."

त्या हाताची आता मूठ वळली. ती त्याच्या तळहातावर हळूहळू उघडली आणि तिच्यातून चिमूटभर मोहरी पडली.

मोहरीला राख लागलेली होती.

मग हात मागं सरला. नत्थूजी धडपडत उठला, फळी ढकलली. आत कोणी नव्हतं. चूल होती, पाट होता, उतरंड होती.

"कोणाशी बोलून राह्यले, नत्थूजी?" आनंदाबाई हात पुसत आली. "घरात तं कोणीच नाई."

"तुमची सून?"

"वावरात भाकर घेऊन गेली."

"पोटुशी हाय?"

आनंदाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुरुषमाणसानं हे विचारायचं नसतं. "आठवा लागला. काऊन?"

नत्थूजी पुन्हा ओसरीवर बसला. म्हणाला, "थे येऊ द्या. तिचा हात पाह्यल्याबिगर मी उठत नाई."

आजी भाकरीची रिकामी टोपली घेऊन आली तेव्हा हा बुवा तिचीच वाट बघत होता. ती सांगायची, "मले वाटलं, ह्याले ऊन लागलं." सासूच्या सांगण्यावरून तिनं हात पुढं केला. नत्थूजीनं बांगडी काढलीच नाही. नुसता अंगठा दाबला आणि उचलला.

खळगा राहिला.

"डोकं दुखते का, माय?"

"दुखते. उन्हानं असंन."

"डोळ्यापुढं काजवे चमकते?"

आजीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. हे तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तेवढ्यात रूपराव आले. कासार आपल्या सुनेचा हात धरून नको ते विचारतोय, हे बघून त्यांचं डोकं फिरलं. "धंदा कराले येता का घरातल्या बायांची चौकशी कराले? सूज काय आमच्या घरी पह्यल्यांदा आली? उठा."

नत्थूजीनं डोक्यावरचं फडकं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं.

"मले मारा, रूपरावजी. पण बैल जुंपा. माही पोरगी अशीच ह्या हातात होती. मी हासलो. दवाखान्यात न्या हिले. आजच न्या."

"तुमच्या पोरीले बाहेरचं झालतं. आमच्या सुनेच्या मागं कायले लावता?"

नत्थूजीनं हात पुढं केला. त्यानं फक्त मूठ उघडून दाखवली.

आनंदाबाईनं दोन दाणे चिमटीत धरून बघितले. राख तिच्या बोटांना लागली. सेलूच्या वाटेवर ही मोहरी कोणी पेरली होती, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. वर्ष उलटून गेलं होतं. पावसाळा येऊन गेला होता. ते दाणे कधीच रुजून किंवा कुजून जायला हवे होते.

ती नवऱ्याकडं वळली.

"बैल जुंपा," ती म्हणाली.

त्या घरात आनंदाबाई असं बोलली की पुढं कोणी बोलत नसे. दमणीत गादी घातली. आजीला आडवं केलं, उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर लुगड्याचा पदर टाकला. वावरातून बोलावून आणलेल्या आजोबांनी बैल हाकले. नत्थूजी मागं चालायला लागला.

आणि किणकिण सुरू झाली. दमणीच्या मागून...

या वेळी ती एकट्या नत्थूजीला नव्हे, सगळ्यांना ऐकू येत होती. आनंदाबाईनं राम राम म्हणायला सुरुवात केली. आजोबांनी मागं बघितलं नाही. आजी पदराखालून म्हणाली, "आत्याबाई, मांगं कोण बाई चालून राह्यली? तिले घ्या ना गाडीत. दमली असंन."

आजोबांनी बैल आणखी जोरात हाकले.

सेलूच्या अलीकडं स्मशानाचं वळण आलं. तिथं पोचल्यावर...

किणकिण थांबली.

नत्थूजी धावत पुढं आला. आजीचं अंग ताठ झालं होतं. डोळे फिरले होते. मग झटके सुरू झाले. आनंदाबाईनं तिचे हात धरायला झेप घेतली.

"धरू नोका," नत्थूजी म्हणाला. "कुशीवर करा. हात सोडा. सैल सोडा तिले."

त्यानंच तिला कुशीवर वळवलं. डोकं आपल्या मांडीला लावलं. लेकीचे हात ज्यानं धरून ठेवले होते तो माणूस या वेळी आपले हात मागं घेऊन बसला आणि रडत राहिला. झटका ओसरला. सेलूत कापसाच्या गाठी घेऊन वर्ध्याला निघालेला ट्रक मिळाला. दिवेलागणीला वर्ध्याचा दवाखाना गाठला.

सुया दिल्या. अंधाऱ्या खोलीत ठेवलं. मूल लवकर मोकळं केलं. इतकं लहान की कापसात गुंडाळून ठेवावं लागलं. मुलगी झाली.

ती माझी आई.

नत्थूजी दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. दोघी जगल्या हे कळल्यावर तो उठला आणि चालत घरी गेला. त्यानं ती चिमूटभर मोहरी पितळी डब्यात टाकली.

तुम्हाला वाटेल, संपलं.

हात पुन्हा आला. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दाराआडून. पुन्हा भर दुपारी, पुन्हा चिमूटभर मोहरी. त्या घरातही पोटुशी बाई होती आणि तिच्याही हातावर खळगा राहिला. पुढं तसाच आणखी कुठं कुठं आला. कधी लोकांनी नत्थूजीचं ऐकलं. कधी हाकलून दिलं, आणि मग त्या घरातून रडण्याचा आवाज आला. नत्थूजी प्रत्येक वेळी मोहरी घरी आणायचा आणि डब्यात टाकायचा.

हे सगळं त्यानं आजीला सांगितलं होतं. तिला तो लेक म्हणायचा. एकदा म्हणाला, "भागीरथे, मी लय वाईट माणूस हावो. कोणाची पोरगी मरणाच्या दारात असली तंच माही पोरगी मले भेटते. अन् तरी मी वाट पाहून राह्यलो."

डबा भरत चालला होता.

आई चालायला लागली होती, त्यानंतरची संक्रांत. आजी तिला कडेवर घेऊन तीळगूळ द्यायला नत्थूजीच्या घरी गेली. दुपारच होती. त्याचं दार सताड उघडं होतं. एरवी थंडीत तो दार लोटून बसायचा.

आजी अंगणातच थांबली.

नत्थूजी उंबऱ्याच्या आत बसला होता. समोर पितळी डबा, मोहरीनं काठोकाठ भरलेला. त्याचा डावा हात हवेत होता, बाईचा हात धरल्यासारखा. उजव्या हातात हिरवी बांगडी होती. समोर कोणी नव्हतं.

"सैल सोड, माय," तो म्हणत होता. "सैल सोड."

त्यानं बांगडी सरकवली आणि हात काढून घेतला.

बांगडी खाली पडली नाही.

ती दिसलीही नाही. नुसती किणकिण झाली...

त्यानं दुसरी उचलली. मग तिसरी. आणि कडेवरची माझी आई, तेव्हा धड बोलताही न येणारी, उंबऱ्याकडं बघून हसली आणि तिनं हात पुढं केला.

आजी पळाली.

सांजेला शेजारी गेले तेव्हा नत्थूजी दाराच्या चौकटीला टेकून बसलेला होता, अंग गार पडलेलं. डोळे उघडे होते. माणूस इतका खूश आम्ही कधी पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. डबा रिकामा होता. घरभर शोधलं, अंगण झाडलं. मोहरीचा एक दाणा सापडला नाही.

आजीनं मात्र जाऊन खुंटी बघितली. टोपलीत अडीचच्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या, एकीलाही कोणी हात लावलेला नव्हता.

सव्वादोनची माळ रिकामी होती.

आजी एवढं सांगून नेहमी रडायची. म्हणायची, "सूज उतरली होती रे तिची."

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. हिंगणीचं ते घरही आता राहिलं नाही. मी शिकलेला माणूस आहे, गावोगाव दवाखाने झालेत, रक्तदाब तपासतात, सगळं खरं. पण माझ्या लेकीला आता आठवा लागलाय. ती माहेरी आली आहे. रोज दुपारी जेवण झालं की मी तिचा हात हातात घेतो आणि अंगठा दाबतो. ती म्हणते, काय बाबा, रोज रोज काय बघता?

मी अंगठा उचलतो. खळगा पडतो... आणि भरून येतो.

पण तो भरून येईपर्यंत मी तिच्या हाताकडं बघत नसतो. मी मधल्या दाराकडं बघत असतो.